बीपीची गोळी ‘बरं वाटतंय’ म्हणून बंद केली? थांबा! घरातल्या ज्येष्ठांसाठी मेडिकलवरच्या फार्मासिस्टची मदत कशी घ्यायची, वाचा सविस्तर

छत्रपती संभाजीनगर : आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्यातल्या कुठल्याही मेडिकलवर घटकाभर उभं राहिलं की एक चित्र हमखास दिसतं. एखादे आजोबा खिशातून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढतात, काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, “दादा, ह्यातल्या पाच द्या.” कात्रीनं पट्टी कापली जाते, पैसे दिले जातात, आजोबा एसटी पकडतात. बोलणं एवढंच.

आता हिशेब करा. बाजार सात दिवसांनी येतो आणि गोळ्या पाच. म्हणजे दर आठवड्याला दोन दिवस गोळी नाही. वर्षाचे ५२ आठवडे धरले तर शंभराहून जास्त दिवस आजोबा बीपीच्या गोळीविना काढतात. कुणी विचारलं तर मात्र ते म्हणणार, “गोळी चालू आहे की!”

गोळी चुकीची असते म्हणून बीपी आटोक्यात येत नाही, असं फार कमी वेळा होतं. बहुतेक वेळा गोळीत खंड पडलेला असतो. हा खंड डॉक्टरांना दिसत नाही, कारण त्यांच्याकडे माणूस दोन-तीन महिन्यांतून एकदा जातो. घरच्यांनाही तो कळत नाही. तो दिसतो मेडिकलवरच्या माणसाला, कारण किती गोळ्या नेल्या आणि पुन्हा कधी आले हे त्याच्या डोळ्यांसमोर असतं. म्हणून बीपी असलेल्या ज्येष्ठांनी फार्मासिस्टशी फक्त पैशांचा व्यवहार न ठेवता दोन शब्द बोलायची सवय लावून घेतली पाहिजे.

बीपी दुखत नाही, हीच खरी अडचण

रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त वारंवार येत असेल तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. वरचा आकडा हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा, खालचा आकडा दोन ठोक्यांमधल्या विसाव्याचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात १५ वर्षांवरच्या महिलांपैकी २१ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के लोकांना हा त्रास आहे. वय वाढतं तसं प्रमाणही वाढत जातं.

बहुतेकांना बीपी वाढल्याचं काहीच जाणवत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, शेतातली कामं चालू असतात. आतमध्ये मात्र रक्तवाहिन्यांवर ताण पडत राहतो आणि एक दिवस अचानक लकवा मारतो, हार्ट अटॅक येतो किंवा किडनी कमजोर झाल्याचं रिपोर्टमध्ये कळतं. लकवा मारलेल्या माणसाला उठवायला-बसवायला घरातला एक जण कायम घरी थांबतो, हे गावात कुणाला वेगळं सांगायला नको.

गोळी सुरू असताना बीपी नॉर्मल आलं, तर ते गोळीमुळे आलेलं असतं. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी बंद केली की काही दिवसांत बीपी पुन्हा चढतं. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडीन यांसारख्या गोळ्या एकदम बंद केल्या तर त्रास जास्तच होऊ शकतो. गोळी कमी करायची की बंद करायची, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

फार्मासिस्ट म्हणजे नुसता दुकानदार नाही

बारावीनंतर दोन वर्षांचं डी.फार्म किंवा चार वर्षांचं बी.फार्म पूर्ण करून, महाराष्ट्र राज्य औषध व्यवसाय परिषदेत (फार्मसी कौन्सिलमध्ये) नोंदणी झालेल्या व्यक्तीलाच नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणतात. फार्मसी कायदा १९४८ सालचा आहे. २०१५ मध्ये ‘फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स’ आले. त्यानुसार चिठ्ठीवरचं औषध देताना फार्मासिस्टनं स्वतःहून रुग्णाशी किंवा त्याच्या घरच्यांशी बोलणं अपेक्षित आहे. औषध कशासाठी आहे, किती, कधी आणि किती दिवस घ्यायचं, कोणता त्रास होऊ शकतो, गोळी चुकली तर काय करायचं, औषध कुठं ठेवायचं, हे सगळं त्यात येतं. म्हणजे आपण विचारतो ते उपकार म्हणून नाही. तो आपला हक्क आहे.

फार्मासिस्टची हद्दही माहीत असावी. तो बीपी मोजून देऊ शकतो, गोळ्या समजावून सांगू शकतो, दोन औषधं एकमेकांना बाधतात का ते पाहू शकतो, गोळ्या संपण्याची तारीख लिहून देऊ शकतो आणि वेळेत डॉक्टरांकडे पाठवू शकतो. मनानं नवी गोळी सुरू करणं किंवा डोस कमी-जास्त करणं हे त्याचं काम नाही. ‘शेजारच्याला जी लागू पडली तीच मला द्या’ असा आग्रह त्याच्याकडे धरू नये.

काउंटरवर कधीकधी फार्मासिस्टऐवजी कामाला ठेवलेला मुलगा असतो. अशा वेळी “फार्मासिस्ट कुठं आहेत? त्यांच्याशी बोलायचंय,” असं सरळ विचारायला संकोच करू नका. गर्दी असेल तर “निवांत कधी येऊ?” असं विचारा. दुपारच्या वेळी बहुतेक दुकानांत गर्दी कमी असते.

न्हाव्याच्या दुकानातला प्रयोग

फार्मासिस्टनं लक्ष घातलं तर किती फरक पडतो, याचं एक गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरातलं आहे. तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये बीपीचं प्रमाण मोठं, पण दवाखान्यात जायला ते टाळाटाळ करायचे. म्हणून ५२ सलूनमधल्या ३१९ गिऱ्हाइकांना अभ्यासासाठी निवडलं. काही सलूनमध्ये फार्मासिस्ट स्वतः येऊन बसायचे, बीपी मोजायचे आणि डॉक्टरांशी आधी ठरल्याप्रमाणे औषध द्यायचे. बाकीच्या सलूनमध्ये न्हावी फक्त समजावून सांगायचे आणि डॉक्टरांकडे जायला सांगायचे. २०१८ मध्ये निकाल जाहीर झाले. सहा महिन्यांत फार्मासिस्ट असलेल्या सलूनमधल्या लोकांचा वरचा आकडा सरासरी २७ नं उतरला, तर दुसऱ्या गटात तो साधारण ९ नं उतरला.

आपल्याकडे फार्मासिस्टला औषध लिहून देण्याचा अधिकार नाही, त्यामुळे हा प्रयोग जशाचा तसा इथं होणार नाही. पण माणूस जिथं नेहमी जातो तिथंच कुणी आपुलकीनं विचारपूस केली तर गोळीत खंड पडत नाही, एवढं त्यातून नक्की शिकता येतं.

महाराष्ट्रातही याच दिशेनं काम झालं आहे. ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम २०१७ च्या शेवटी सुरू झाला. राज्यातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे त्यात पहिल्या टप्प्यात होते. ठरलेल्या मोजक्याच गोळ्या, त्यांचा न तुटणारा साठा, एकदम महिन्याच्या गोळ्या, घराजवळच्या केंद्रात तपासणी आणि जो आला नाही त्याचा पाठपुरावा, ही त्याची पद्धत. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

मेडिकलवर जाताना काय न्यायचं?

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा. बीपीच्या, शुगरच्या, गुडघेदुखीच्या, गॅसच्या, आयुर्वेदिक चूर्ण, जत्रेतून आणलेल्या पुड्या, सगळंच. सोबत डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी आणि असेल तर रक्ताचा रिपोर्ट घ्या. फार्मासिस्टसमोर पिशवी उघडून हे पाच प्रश्न विचारा:

१. यातली बीपीची गोळी कोणती आणि ती कशासाठी आहे?
२. ती सकाळी घ्यायची की रात्री? जेवणाआधी की नंतर?
३. एकच औषध दोन नावांनी चालू आहे का?
४. यातली कोणती गोळी बीपी वाढवते किंवा बीपीच्या गोळीला बाधते?
५. गोळ्या कोणत्या तारखेला संपतील आणि पुन्हा कधी यायचं?

तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. गावातल्या डॉक्टरांनी एका कंपनीची अॅम्लोडिपिन दिली, शहरातल्या डॉक्टरांनी दुसऱ्या कंपनीची. नावं वेगळी, रंग वेगळा, म्हणून आजी दोन्ही घेत राहतात. मग बीपी एकदम उतरतं आणि पहाटे उठताना तोल जाऊन पडायची वेळ येते. उतारवयात अशा पडण्यानं खुब्याचं हाड मोडलं तर माणूस अंथरुणाला खिळतो.

पाकिटावरची अक्षरं वाचा

बीपीच्या गोळ्यांच्या ब्रँडच्या नावापुढे बऱ्याचदा इंग्रजी अक्षरं असतात. साधारणपणे ‘एएम’ म्हणजे सोबत अॅम्लोडिपिन आणि ‘एच’ म्हणजे सोबत लघवीवाटे जादा पाणी-मीठ काढणारी गोळी. आकडा म्हणजे औषधाचं प्रमाण. साधी टेल्मिसार्टन ४० आणि ‘४० एच’ या वेगवेगळ्या गोळ्या आहेत. “तीच, लाल पाकिटातली द्या” असं सांगून चालणार नाही. चिठ्ठी नाहीतर जुनं पाकीट दाखवाच.

पट्टी कापून घेत असाल तर नाव आणि एक्सपायरी तारीख असलेला तुकडा आपल्याकडे येईल असं बघा. शक्यतो पूर्ण पट्टी आणि महिन्याच्या गोळ्या एकदम घ्या. बिल मागा, त्यावर बॅच नंबर असतो.

दुकानात नेहमीची कंपनी नसेल तर “नाव वेगळं, पण आतलं औषध आणि प्रमाण तेच आहे का?” असं विचारा. चिठ्ठीवर लिहिलेला ब्रँड बदलून देण्यासाठी डॉक्टरांची संमती लागते. म्हणून डॉक्टरांनाच औषधाचं मूळ नाव लिहायला सांगितलेलं बरं. १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. मोबाईलनं तो स्कॅन केला की औषधाचं नाव, कंपनी, बॅच आणि एक्सपायरी दिसते.

गोळीनं त्रास झाला तर बंद करू नका, सांगा

– अॅम्लोडिपिननं काहींच्या पायांवर, घोट्याजवळ सूज येते.
– रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्यांनी कोरडा खोकला लागू शकतो. लोक महिनाभर खोकल्याचं औषध पितात आणि कारण निघतं बीपीची गोळी.
– लघवीच्या गोळीनं वारंवार जावं लागतं, म्हणून प्रवासाच्या दिवशी ज्येष्ठ मंडळी ती टाळतात. ही गोळी सहसा सकाळी घेतात. प्रवास असेल तर वेळ पुढं-मागं करता येईल का, हे विचारून घ्या.
– मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात घाम आणि जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी होतं. त्यात या गोळ्या चालू असतील तर गळून गेल्यासारखं होतं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

या प्रत्येक त्रासावर डॉक्टर गोळी बदलून किंवा डोस कमी करून मार्ग काढतात. झोपेतून उठताना आधी मिनिटभर खाटेवर बसायचं, मग आधार घेऊन उभं राहायचं, ही सवय मात्र सगळ्यांनीच लावावी. औषधाच्या दुष्परिणामाची माहिती रुग्णालाही १८००-१८०-३०२४ या केंद्राच्या टोल फ्री क्रमांकावर देता येते.

बीपी गुपचूप वाढवणारी औषधं

कंबर-गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन असलेल्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. त्यांनी बीपी वाढतं, बीपीच्या गोळीचा असर कमी होतो आणि किडनीवर ताण येतो. लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर हा धोका आणखी वाढतो. म्हणून दुखण्याची गोळी मागताना पहिलं वाक्य हेच असावं: “मला बीपी आहे.”

हीच गोष्ट सर्दीच्या काही गोळ्यांची. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या औषधानं बीपी चढू शकतं. गॅसवर घ्यायच्या फसफसणाऱ्या पावडरीत सोडियम असतं. खोकल्यावर ज्येष्ठमध रोज चघळलं तरी बीपी वाढतं. नाव नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता असते, त्या घेऊच नयेत. बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ चांगलं असलं तरी त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल चालू असेल तर विचारल्याशिवाय ते वापरू नका.

गोळी चुकली, उपवास आहे, वारीला निघालो

गोळी घ्यायची विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशीच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन गोळ्या एकदम घेऊ नका.

एकादशी असो की श्रावणी सोमवार, पाण्याच्या घोटाबरोबर घेतलेली गोळी उपवास मोडत नाही, असं बहुतेक घरांत मानतात. बीपीची गोळी टाळू नये. शुगरच्या गोळीचं वेगळं असतं. उपाशीपोटी ती घेतली तर साखर उतरू शकते, म्हणून उपवासाआधी डॉक्टरांना विचारा. सैंधव म्हणजे मीठच आहे, त्यानं बीपी वाढत नाही हा गैरसमज आहे. दिवसभरातलं सगळं मीठ मिळून ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्यापेक्षा कमी असावं. लोणचं, पापड, ठेचा, फरसाण हे त्यातच धरायचं.

पैठणला नाथषष्ठीला किंवा पंढरीच्या वारीला जायचं असेल तर लागणाऱ्या दिवसांपेक्षा पाच-सहा गोळ्या जास्त ठेवा. चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या.

मेडिकलवर बीपी मोजताना

उन्हातून चालत आल्या आल्या मोजलेलं बीपी खरं नसतं. आधी पाच मिनिटं बसा. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी नको. लघवी तुंबवून बसू नका. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, हात छातीच्या पातळीवर टेकलेला आणि पट्टा उघड्या दंडावर हवा. मोजताना बोलू नका. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. घरासाठी मशिन घ्यायचं तर मनगटाच्या मशिनपेक्षा दंडाचं घ्या. घरी मोजताना १३५/८५ च्या वर वारंवार येत असेल तर डॉक्टरांना सांगा. ऐंशीच्या पुढच्या आजी-आजोबांचं बीपी किती असावं, हे डॉक्टर त्यांची तब्येत बघून ठरवतात.

पैसे नाहीत म्हणून गोळी थांबवू नका

आरोग्य उपकेंद्र म्हणजेच आयुष्मान आरोग्य मंदिर, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालयात ३० वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी होते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि औषधं मोफत आहेत. तिथल्या औषध निर्माण अधिकाऱ्यालाही वरचे पाचही प्रश्न विचारता येतात. तोही फार्मासिस्टच असतो. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यामार्फत ‘ई-संजीवनी’वर डॉक्टरांशी बोलता येतं. कुठं जायचं हे कळत नसेल तर गावातल्या आशाताईंना विचारा.

विकतच घ्यायची असेल तर जनऔषधी केंद्रात ब्रँडेडपेक्षा ५० ते ९० टक्के स्वस्त गोळ्या मिळतात. जवळचं केंद्र ‘जनऔषधी सुगम’ अॅपवर सापडतं. जायला एसटी आहेच. ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आणि ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट आहे.

घरातल्या पोरा-पोरींनी एवढं करावं

आजी-आजोबांच्या मोबाईलला रोज एकाच वेळेचा गजर लावा. गोळ्या संपण्याच्या पाच दिवस आधीचा दुसरा गजर आपल्या मोबाईलला लावा. चिठ्ठी, पाकीट आणि बीपीच्या वहीचा फोटो काढून ठेवा. ज्यांना अक्षरं दिसत नाहीत त्यांच्या पाकिटावर फार्मासिस्टकडून सूर्य-चंद्राची खूण करून घ्या. सूर्य म्हणजे सकाळची गोळी, चंद्र म्हणजे रात्रीची.

या लक्षणांत मेडिकल नको, थेट १०८

तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं, दम लागणं, अचानक दिसेनासं होणं किंवा बीपी १८०/१२० च्या वर जाऊन असा कुठलाही त्रास होणं, यात एक मिनिटही घालवू नका. १०८ ला फोन करा. बीपी झटक्यात उतरावं म्हणून जिभेखाली गोळी किंवा कॅप्सूल फोडून देऊ नका. बीपी एकदम पडलं तर मेंदूला रक्त कमी पडतं आणि नुकसान वाढतं. लकवा कधी सुरू झाला ती वेळ मात्र लिहून ठेवा, डॉक्टर तीच पहिल्यांदा विचारतात.

पुढच्या बाजारी मेडिकलवर गेलात तर “पाच द्या” म्हणू नका. “महिन्याच्या द्या आणि कधी संपतील ती तारीख पाकिटावर लिहा,” असं म्हणा.